आधी उंची मोजा, मग सेन्सर घ्या: कोल्हापूरच्या नियोजनात तंत्रज्ञानाचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात नदीकडेला असलेल्या एका प्रभागातल्या नागरिकांना आपल्या भागाचा टिकाऊ आराखडा सुचवायचा आहे. ड्रोन, सेन्सर, मोबाईल अ‍ॅप, उपग्रहाची चित्रं, सगळ्यांची चौकशी करून झाली आहे. शहर नीट वाढवण्यात तंत्रज्ञानाचा नेमका उपयोग काय, आणि हाताशी पैसे थोडे असतील तर ते आधी कशावर घालायचे?

कोल्हापुरापुरतं उत्तर एका शब्दात देता येतं: उंची. प्रत्येक चौक, नाल्याचं तोंड, मॅनहोलचं झाकण, घराचं जोतं समुद्रसपाटीपासून नेमक्या किती उंचीवर आहे, हे ठाऊक नसेल तर बाकीची सगळी यंत्रणा अंदाजावर उभी राहते. ही मोजणी दिसायला साधी आणि बातमीत न शोभणारी आहे, म्हणून ती मागे पडते. पण पुढचं जवळजवळ सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

पावसाळ्यात रोज पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी जाहीर होते. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे शहरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याच पत्रकात पातळी मीटरमध्येही दिलेली असते: 39 फूट म्हणजे 542.07 मीटर, 43 फूट म्हणजे 543.29 मीटर. यावरून बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा शून्य 530.18 मीटरवर येतो. आता एखाद्या घराचा उंबरा 545.00 मीटरवर असेल, तर त्यातून 530.18 वजा करायचे आणि 0.3048 ने भागायचं. उत्तर येतं 48.6 फूट, म्हणजे साधारण 48 फूट 7 इंच. बंधाऱ्यावर एवढं पाणी झालं की त्या उंबऱ्याशी पाणी पोचेल, हा पहिला अंदाज. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं होतं, म्हणजे या घरात दोन मीटरच्या आसपास पाणी असणार. माणसाला हवं असतं ते हेच: ‘त्रेचाळीस फूट’ म्हणजे माझ्या दारात किती?

हा पहिलाच अंदाज आहे, कारण पुराचं पाणी ताटातल्या पाण्यासारखं सपाट नसतं. राजाराम बंधारा शहराच्या खालच्या अंगाला, कसबा बावड्याकडे आहे. पंचगंगा घाट, शिवाजी पूल आणि त्याच्या वर आंबेवाडी, प्रयाग चिखली या भागांत त्याच वेळी पाणी बंधाऱ्यापेक्षा उंच असतं. हा उतार किती, हे पुस्तकात मिळत नाही. ते भिंतींवर लिहिलेलं आहे. 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा अजून अनेक घरांवर, देवळांवर, तालमींच्या भिंतींवर सापडतात. या खुणा म्हणजे शहराकडचा सर्वांत मोलाचा विदा, नोंदींचा साठा. दर रंगकामात त्यातल्या थोड्या पुसल्या जातात, म्हणून त्या आत्ताच मोजून ठेवायला हव्यात.

खूण वाचण्यात एक मोठी चूक होते. गिलाव्याच्या भिंतीवर दिसणारी ओलीची किंवा खारट पापुद्र्याची रेषा म्हणजे पाण्याची रेषा नव्हे. वीट आणि गिलावा पाणी वर ओढून घेतात, त्यामुळे ही रेषा खऱ्या पातळीच्या बरीच वर, कधी फूट-दीड फूट वर सरकते. विश्वास ठेवायचा तो काचेवरच्या, फरशीवरच्या, लोखंडी गेटच्या रंगावरच्या किंवा विजेच्या खांबावरच्या गाळाच्या रेघेवर. तीही शक्यतो आडोशाच्या जागी बघावी. रस्त्याकडेच्या भिंतीवर बोटींच्या आणि वाहनांच्या लाटांनी रेघ वर चढलेली असते. एका गल्लीत किमान तीन खुणा घ्या. दोन जुळल्या आणि तिसरी वीस सेंटीमीटर वर निघाली, तर तिसरी सोडून द्या.

मोजायचं साधन जुनंच आहे: तिवईवरची ऑटो लेव्हल, म्हणजे आडव्या रेषेत पाहणारी दुर्बीण, आणि मोजपट्टी. जवळचा खात्रीचा बेंचमार्क, म्हणजे उंची आधीच नोंदलेली पक्की खूण, शोधायचा, तिथून सुरू करून प्रभागात फिरायचं आणि फेरा पुन्हा त्याच बेंचमार्कवर आणून मिटवायचा. फेरा मिटताना येणारा फरक 12 मिलिमीटर गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, एवढ्यात बसला पाहिजे. म्हणजे 4 किलोमीटरच्या फेऱ्याला 24 मिलिमीटर. त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायचं. चूक सगळ्या बिंदूंवर वाटून टाकून वेळ मारून नेऊ नये. लेव्हलपासून मागची आणि पुढची पट्टी साधारण सारख्या अंतरावर ठेवली, तर यंत्राची स्वतःची चूक आपोआप कटते. एवढी एक शिस्त पाळली तरी काम सुधारतं. शेवटी प्रभागात आठ-दहा पक्क्या जागी, म्हणजे देवळाची पायरी, पुलाचा कठडा, शाळेचं जोतं अशा ठिकाणी खूण कोरून तिची उंची नोंदवून ठेवायची. पुढे कोणालाही तिथून सुरुवात करता येते.

मोबाईलच्या जीपीएसवर उंची घेऊ नका. ती सहज पाच-दहा मीटरने चुकते. चांगल्या जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या) यंत्राने दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत काम होतं, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्यामुळे, म्हणजे कायम चालू असलेल्या संदर्भ केंद्रांमुळे, ते आता सोपंही झालं आहे. पण त्यात एक खड्डा आहे. उपग्रह देतो ती उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोल आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात या दोहोंत पन्नास मीटरांहून जास्त फरक आहे. एवढा मोठा फरक लगेच लक्षात येतो, म्हणून तो धोकादायक नाही. खरा धोका असतो तो एका उंचीवरून दुसरी काढण्यासाठी वेगवेगळी प्रतिमानं (गणिती मॉडेलं) वापरल्यामुळे येणाऱ्या अर्ध्या मीटरच्या फरकात. म्हणून जीएनएसएसने घेतलेले दोन-तीन बिंदू तरी लेव्हलच्या फेऱ्याशी ताडून पाहायचेच.

आता ड्रोन. प्रभागाचा पूर्ण उंचीनकाशा करायला तो उत्तम आहे. 80 ते 100 मीटर उंचीवरून उड्डाण, चित्रांचा एकमेकांवर येणारा भाग (ओव्हरलॅप) पुढे 80 टक्के, बाजूला 70 टक्के, जमिनीवर दर तीन-चारशे मीटरला ठळक खुणेचे, आधीच मोजलेले नियंत्रण बिंदू. शिवाय आठ-दहा बिंदू असे ठेवायचे की जे गणितात घालायचेच नाहीत, फक्त शेवटी नकाशा तपासायला वापरायचे. ठेकेदार अचूकतेचा दाखला देतो, तेव्हा तो या वेगळ्या ठेवलेल्या बिंदूंवरचा आहे का, हे विचारा. गणितात घातलेल्याच बिंदूंवर काढलेली अचूकता नेहमी चांगलीच दिसणार. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने उड्डाण ठरवण्याआधी ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या क्षेत्रात येते ते पाहून परवानगी घ्यायची.

कोल्हापुरात ड्रोनच्या कामात खरा अडथळा असतो तो उसाचा. कॅमेऱ्याला जे दिसतं त्याचीच उंची मिळते. उभ्या उसावरून उडवलेला ड्रोन शेंड्यांची उंची मोजतो आणि नदीकाठचं अख्खं शिवार दहा-बारा फूट वर उचललेलं दाखवतो. त्या नकाशावर पूर पसरतच नाही आणि आराखड्यात ती जमीन ‘सुरक्षित’ होऊन बसते. लायडार यंत्राचे लेसर किरण झाडांतून खाली जातात, पण गच्च उसात फारच थोडे जमिनीला लागतात. मग तोडीनंतर उडवावं म्हटलं, तर सगळा ऊस एकाच वेळी निघत नाही. एका फडाची तोड डिसेंबरात होते, दुसऱ्याची मार्चमध्ये. तोवर पहिल्यात खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून येणारं पीक) फुटून वर आलेला असतो आणि शेजारी आदल्या पावसाळ्यातली आडसाली लागण पुरुषभर उंच उभी असते. शिवार पूर्ण मोकळं असं कधी नसतंच. यावर एक उपाय चालतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये उड्डाण करायचं, उभे फड नकाशावर वेगळे आखून त्यांच्या उंच्या काढून टाकायच्या, आणि त्या जागी बांध, पाणंद, विहिरीचा काठ इथे लेव्हलने किंवा जीएनएसएसने बिंदू घेऊन भरायच्या. कष्टाचं काम आहे, पण पर्याय नाही.

फुकट मिळणारे उपग्रहाचे उंचीनकाशे प्रभागाच्या कामाचे नाहीत. तीस मीटरचा एक चौकोन, त्यात छपरं आणि झाडं धरून एकच उंची, आणि चूक कित्येक मीटरची. आपला सगळा वाद एक-दोन फुटांचा आहे. पाणलोट क्षेत्र आखायला ते पुरतात, घराचं जोतं ठरवायला नाही.

उपग्रहाची चित्रं मात्र दुसऱ्या कामाला अगदी योग्य आहेत. सेंटिनेल-2 ची चित्रं दहा मीटर बारकाईची, दर पाचेक दिवसांनी आणि मोफत मिळतात. उन्हाळ्यात पूरक्षेत्रात कुठे नवा भराव पडतोय, कुठे ओढा सरळ केला जातोय, हे त्यात दिसतं. ऐन पुरात ढगांमुळे ती निरुपयोगी ठरतात. तेव्हा सेंटिनेल-1 चं रडार लागतं, ते ढगातून पाहतं. पण गल्लीबोळातलं आणि उभ्या उसाखालचं पाणी रडारलाही नीट दिसत नाही, आणि उपग्रह डोक्यावरून गेला तेव्हा पाणी शिखरावर होतंच असं नाही. म्हणून रडारच्या चित्रात एखादी गल्ली कोरडी दिसली, तर ती कोरडी होती असा निष्कर्ष काढू नका. भिंतीवरची खूण वरचढ धरा.

भरावाचा हिशेब करून पाहा. एक एकर जमीन दोन मीटर उचलली, तर सुमारे 8,100 घनमीटर माती पडते, दहा घनमीटरच्या डंपरने आठशेहून अधिक खेपा. पुराच्या वेळी तेवढंच पाणी दुसरीकडे जागा शोधतं. एका भरावाने फरक मोजण्याइतका पडत नाही, दहा-वीस भरावांनी पडतो, आणि प्रत्येक अर्ज एकटा पाहिला जातो म्हणून तो कुणाला दिसत नाही. दर दोन वर्षांनी ड्रोनचा नकाशा करून आधीच्या नकाशातून वजा केला, की कुठे किती घनमीटर चढलं ते प्लॉटनिहाय कळतं. नियोजनात ड्रोनचा सर्वांत चांगला उपयोग, माझ्या मते, हाच आहे.

उंच्या हातात आल्या की पाणी कसं पसरेल याचं प्रतिमान मांडता येतं. नदीसाठी हेक-रास आणि गटारांसाठी स्वम, दोन्ही आज्ञावल्या मोफत आहेत. नकाशाकामाला क्यूजीआयएस पुरतं. प्रतिमान चुकतं ते बहुधा तीन ठिकाणी. नदीचे आडवे छेद जुने असतात किंवा पाण्याखालचा भाग नुसता अंदाजाने काढलेला असतो. तो होडीतून इको साउंडरने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणाऱ्या यंत्राने, मोजावा लागतो. पूल आणि रस्त्यांचे भराव गाळलेले असतात. शिरोलीकडचा महामार्गाचा भराव आणि त्याच्या मोऱ्या प्रतिमानात नसतील, तर वरच्या अंगाची पातळी कमी दाखवली जाणार. तिसरं, काठावरच्या शेताचा खरखरीतपणा. नदीच्या पात्राला मॅनिंगचा गुणांक (या खरखरीतपणाचा आकडा) 0.03 ते 0.035 धरतात, पण ऑगस्टमध्ये काठाला जे असतं ते उघडं रान नसून उभा ऊस असतो, आणि तिथे हा आकडा दुप्पट किंवा त्याहून जास्त घ्यावा लागतो. 2019 च्या खुणांवर प्रतिमान बसवायचं आणि आकडे न बदलता 2021 चा पूर त्यावर चालवून पाहायचा. दुसऱ्या पुरातही खुणा 15-20 सेंटीमीटरच्या आत जुळल्या तरच त्यावर बांधकामाचा निर्णय घ्यावा.

शहरात पाणी नदी काठ ओलांडून येण्याआधी नाल्यांतून उलटं येतं. सुतारवाडा दरवर्षी आधी बुडतो तो जयंती नाल्याच्या फुगीमुळे. म्हणून नाल्याचं आणि गटाराचं गणित वेगळं करावं लागतं. समजा एका प्रभागाचं 10 हेक्टर क्षेत्र एका गटाराला मिळतं, त्यातलं बहुतेक सिमेंटचं, म्हणून वाहून जाण्याचा गुणांक (पावसातला वाहून जाणारा हिस्सा) 0.8, आणि पाऊस तासाला 60 मिलिमीटर. 0.8 गुणिले 60 गुणिले 10 भागिले 360 (हा भाजक एककं जुळवण्यासाठी), म्हणजे सेकंदाला 1.33 घनमीटर. 250 ला 1 उतार असेल, तर 1000 मिलिमीटर व्यासाचा सिमेंट पाईप सेकंदाला दीड घनमीटर नेतो. कागदावर गटार पास. पण पाईपचं तोंड नाल्यात बुडालं की उतार उरत नाही आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. मग तासाभरात 4,800 घनमीटर पाणी प्रभागातच राहतं. ते एक हेक्टरच्या सखल भागात साठलं तर जवळपास अर्धा मीटर. म्हणून गटाराच्या कोणत्याही अंदाजपत्रकात पाईपचा व्यास विचारण्याआधी तोंडाची उंची विचारा आणि ती नाल्याच्या पूरपातळीशी ताडा.

छोट्या गटारांच्या तोंडाला एकमार्गी झडप बसवता येते. ती निकामी होते ती प्लॅस्टिक, थर्माकोल, उसाचा पाला अडकल्याने. दोन बोटांची फट राहिली तरी रात्रभरात गल्ली भरते. आत गज असलेली जाळी, मे महिन्यात एकदा आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला सफाई, आणि आत साठणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी पंप, हे तिन्ही नसतील तर झडप लावू नका. जयंतीसारख्या मोठ्या नाल्याला नुसती झडप म्हणजे शहराचं पाणी शहरातच कोंडणं. घरांच्या बाबतीत मात्र एक स्वस्त उपाय हमखास चालतो: ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. दारात पाणी यायच्या आधी तळमजल्याच्या संडासातून मैला वर येतो, तो याने थांबतो. मात्र व्हॉल्व्ह बंद असताना वरच्या मजल्यांचं पाणीही चेंबरमध्येच तुंबतं, हे इमारतीत सगळ्यांना आधी सांगून ठेवायला हवं.

मग सेन्सर. पाणीपातळीसाठी पुलाच्या कठड्याला लावलेला रडार सेन्सर घ्या. अल्ट्रासॉनिक स्वस्त असतो, पण आवाजाचा वेग तापमानाने बदलतो. दुरुस्ती नसेल तर पाच मीटर अंतरावर दहा अंश फरकाने आठ-नऊ सेंटीमीटरची चूक येते. जाळं विणणारे कोळी आणि नाल्यावरचा फेस यांनीही तो फसतो. पाण्यात बुडवायचा दाबाचा सेन्सर गाळात रुततो. वीज आणि मोबाईल टॉवर ऐन पुरात जातात, तेव्हा बॅटरी दहा ढगाळ दिवस पुरेल एवढी हवी. यंत्र दिवसाला दीड अँपिअर-तास खात असेल, तर दहा दिवसांचे पंधरा. लेड अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून तीस अँपिअर-तासांची घ्या. इंटरनेट गेलं तर एसएमएस जाईल अशी सोय ठेवा. आणि सेन्सरशेजारी रंगवलेली साधी मोजपट्टी असलीच पाहिजे, नाहीतर सेन्सर खोटं बोलतोय हे कळायला मार्ग नाही. सेन्सरचा शून्यही त्याच समुद्रसपाटीच्या उंचीला बांधायचा. तसं न केलेला सेन्सर पाणी वाढतंय एवढंच सांगतो, ते कुणाच्या दारात जाणार हे सांगत नाही.

पूर्वसूचनेत धरणाचा विसर्गही धरावा लागतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी गाठली की आपोआप उघडतात, प्रत्येकातून 1,428 क्युसेक, म्हणजे सातांतून सुमारे दहा हजार. पण कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचं आणि धरणाखालच्या पावसाचं पाणी वेगळंच येतं, त्यामुळे ‘दरवाजे उघडले म्हणजे पूर’ हे समीकरण कोणत्याही अ‍ॅपमध्ये घालू नये.

नियमांबद्दल थोडं. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात बाग, पार्किंग, उघडा बाजार अशा वापरापलीकडे बांधकाम निषिद्ध. निळी ते लाल या पट्ट्यात राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ ऐकून लोक निश्चिंत होतात. दरवर्षी चार टक्के शक्यता म्हणजे तीस वर्षांत किमान एकदा तो पूर पाहण्याची शक्यता सत्तर टक्के, शंभर वर्षांच्या पुराचीही सव्वीस टक्के. घराचं कर्जच वीस-तीस वर्षांचं असतं.

जोत्याची उंची नकाशावर ‘रस्त्यापासून इतकी’ अशी लिहिली की फसगत सुरू होते. रस्ता दर डांबरीकरणात पाच-सात सेंटीमीटर चढतो. काही थरांनंतर जोतं रस्त्याच्या बरोबरीला येतं आणि साध्या पावसाचं पाणीही घरात शिरतं. परवानगीच्या नकाशावर जोतं समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये लिहावं, आणि नव्या थराआधी जुना खरवडून काढण्याची अट रस्त्याच्या निविदेत घालावी. प्रभागाच्या आराखड्यात या दोन ओळी आल्या तरी खूप झालं.

हीच गोष्ट पंप आणि विजेची. 2019 आणि 2021 मध्ये नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चहूकडे पूर असताना शहर टँकरवर आलं. पंप खाली असला तरी चालतो, पण मोटारीचं पॅनेल, स्टार्टर, रोहित्र हे 2021 च्या खुणेच्या किमान एक मीटर वर हवेत. अपार्टमेंटमध्ये बेसमेंटला मीटरबॉक्स आणि लिफ्टचं पॅनेल ठेवणं आता तरी बंद व्हावं.

बाकीच्या गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या रांगेत मागे. छतावरचं पाणी साठवण्याचा हिशेब सोपा आहे: 100 चौरस मीटर छत, वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस, 0.85 गुणांक, म्हणजे 85,000 लिटर. नदीकाठी भूजल पावसाळ्यात आधीच वर असतं, तिथे शोषखड्ड्याऐवजी टाकी बांधा. पाणीगळतीसाठी झोननिहाय मीटर आणि रात्रीच्या प्रवाहाची नोंद ही पद्धत नामी आहे, पण नळाला पाणी ठरावीक वेळच येत असेल तर रात्रीचा आकडा टाक्या भरण्याचा असतो, गळतीचा नव्हे. आधी एक झोन काही दिवस सतत दाबाखाली ठेवावा लागतो.

तर प्रभागाने कामाची आखणी अशी करावी. दिवाळीनंतर पुराच्या खुणांची यादी आणि फोटो, त्याच महिन्यात लेव्हलचा फेरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ड्रोन. एप्रिलमध्ये प्रत्येक गल्लीचा सर्वांत सखल बिंदू शोधून तक्ता तयार करायचा: गल्लीचं नाव, सखल बिंदूची उंची मीटरमध्ये, आणि राजाराम बंधाऱ्यावर किती फूट-इंच झाल्यावर तिथे पाणी येतं, स्थानिक उतार धरून. त्यात नाल्यातून उलटं येणारं पाणी आणि नदीचं पाणी यांचे रकाने वेगळे ठेवा. मे संपायच्या आत प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर, परवानगी घेऊन, ऑइलपेंटने तीन पट्टे मारायचे: 2019 ची पातळी, 2021 ची पातळी, आणि सगळ्यांत खाली, या गल्लीत पाणी शिरतं तेव्हाचा बंधाऱ्यावरचा आकडा.